गोठ्यात संशय आला तर: कळवणे बंधनकारक असलेले पशुरोग आणि साथ आटोक्यात आणण्याच्या पायऱ्या

१९ फेब्रुवारी २००१ रोजी इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या एका कत्तलखान्यात डुकरांच्या अंगावर फोड दिसले. दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेने लाळ्या खुरकुतीवर शिक्कामोर्तब केले. २३ तारखेला देशभरातली जनावरांची ने-आण बंद झाली. तारखा पाहिल्या तर यंत्रणा झपाट्याने हलली असेच वाटते. पण पुढच्या चौकशीत उघड झाले, की रोगाची खात्री झाली त्या दिवशीच तो किमान ५७ ठिकाणी जाऊन पोहोचला होता. उगम होता दूर उत्तरेला, नॉर्थम्बरलँडमधल्या एका वराहपालन केंद्रात. तिथली डुकरे आधीपासून आजारी होती आणि कोणी कळवले नव्हते. शेजारच्या मेंढ्यांना लागण झाली. त्या मेंढ्या हेक्सहॅम आणि लाँगटाउनच्या बाजारांत गेल्या आणि तिथून देशभर पांगल्या. सप्टेंबरअखेर साथ थांबेपर्यंत २,०२६ ठिकाणी रोग सापडला होता आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली होती.

साथ किती मोठी होणार, हे बरेचसे पहिला फोड उठल्यापासून पहिला फोन होईपर्यंत ठरून जाते. फोन झाल्यावर काम करायला अधिकारी असतात, प्रयोगशाळा असतात, कायदा असतो. त्याआधी फक्त पशुपालक असतो. म्हणून या लेखात त्या सुरुवातीच्या काळावर मी जास्त रेंगाळणार आहे.

आधी यादी समजून घ्या

दोन शब्द सतत कानावर पडतात. 'अधिसूचित रोग' म्हणजे नुसता संशय आला तरी सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवणे कायद्याने बंधनकारक असलेला रोग. 'परदेशी रोग' म्हणजे त्या देशात सध्या नसलेला, बाहेरून आला तर मोठे नुकसान करू शकणारा रोग. एका देशाचा परदेशी रोग दुसऱ्या देशात वर्षानुवर्षे ठाण मांडून असतो. लाळ्या खुरकूत आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांत नित्याची आहे, तर अमेरिकेत ती १९२९ नंतर आढळलेली नाही. जर्मनीतून ती १९८८ नंतर गेली होती. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळच्या म्हशींच्या एका कळपात ती पुन्हा सापडली. 'आपल्याकडे हा रोग नाही' हे विधान कालपर्यंतच खरे असू शकते.

देशोदेशींच्या याद्या वेगळ्या असल्या तरी काही नावे जवळपास सगळीकडे दिसतात: लाळ्या खुरकूत, लंपी त्वचारोग, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा घातक विषाणूजन्य रोग, डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फीवर, तीव्र स्वरूपाचा बर्ड फ्लू, फाशी म्हणजेच अँथ्रॅक्स, रेबीज. आपल्या भागातली अधिकृत यादी आणि ज्या कार्यालयात कळवायचे त्याचा दूरध्वनी क्रमांक आजच काढा आणि गोठ्याच्या भिंतीवर लावून ठेवा. जनावर लाळ गाळत उभे असताना क्रमांक शोधत बसण्यात अर्धा दिवस जातो.

कळवण्याची ही साखळी देशापाशी संपत नाही. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेले झेबू गुरांचे जहाज बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबले आणि त्या गुरांबरोबर बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग युरोपात उतरला. या धक्क्यातून १९२४ मध्ये पॅरिसमध्ये जी संस्था उभी राहिली, तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. देशात यादीतला रोग नव्याने उद्भवला, तर सदस्य देशाने या संघटनेला २४ तासांत कळवायचे असते. बुळकांडीचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे, कारण ते या क्षेत्रातले सर्वांत मोठे यश आहे. लस, टेहळणी आणि कळवण्याची शिस्त यांच्या जोरावर २०११ मध्ये ती पृथ्वीवरून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर असा संपलेला हा दुसराच रोग.

पायरी पहिली: संशय कशावरून घ्यायचा

रोग ओळखणे हे पशुपालकाचे काम नाही. लाळ्या खुरकुतीचे फोड आणि इतर दोन-तीन विषाणूंमुळे येणारे फोड अनुभवी पशुवैद्यकालाही नुसत्या डोळ्यांनी वेगळे सांगता येत नाहीत, त्याला प्रयोगशाळाच लागते. तुमचे काम संशय घेण्याचे. तेवढे पुरे आहे.

पुढचे काही दिसले तर थांबू नका:

- एकाच वेळी अनेक जनावरे चारा सोडतात, तोंडातून दोरीसारखी लाळ लोंबते, जनावर मिटक्या मारते, लंगडते. जिभेवर, हिरड्यांवर, खुरांच्या बेचक्यात किंवा सडांवर फोड वा सोललेली जागा दिसते.
- दूध एकाएकी घटते आणि अंगात ताप भरतो.
- लहान वासरे, करडे किंवा पिले कसलेही लक्षण न दाखवता पटापट मरतात. लाळ्या खुरकुतीचा विषाणू कोवळ्या पिलांच्या हृदयाच्या स्नायूवर घाला घालतो.
- अंगभर टणक गाठी उठतात.
- शेळ्या-मेंढ्यांना ताप, नाका-डोळ्यांतून घट्ट स्राव, तोंडात व्रण आणि पाठोपाठ हगवण लागते.
- डुकरांना तीव्र ताप येतो, कान-पोटाची कातडी जांभळट होते आणि मरणारांची संख्या रोज वाढते.
- कोंबड्या अचानक मोठ्या संख्येने मरतात, अंडी एकदम कमी होतात, तुरा निळसर पडतो.
- धडधाकट जनावर अचानक मरते, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येते.

शेवटच्या लक्षणावर जरा थांबतो. असे मेलेले जनावर कापू नका, सोलू नका, त्याला हातही लावू नका. हा फाशी रोग असू शकतो. शव फाडल्यावर जंतूंना हवा मिळते, ते बीजाणूंचे म्हणजे टणक कवचाचे सुप्त रूप घेतात आणि जमिनीत दशकानुदशके टिकून राहतात. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये या जंतूंचे युद्धप्रयोग झाले. ते बेट माणसांसाठी सुरक्षित म्हणून जाहीर व्हायला १९९० साल उजाडले. हा रोग माणसालाही होतो.

मेंढ्यांबाबत एक सावधगिरीची सूचना. लाळ्या खुरकुतीत गाय जिभेवरचे फोड घेऊन तळमळते, पण मेंढीत कधीकधी नुसते थोडे लंगडणे दिसते. 'खडा रुतला असेल' म्हणून ते सोडून दिले जाते. २००१ मध्ये मेंढ्यांनी रोग इतक्या दूर नेला, त्याचे एक कारण हेच होते.

पायरी दुसरी: पहिला तास

पहिले काम फोनचे. गोठा धुणे, औषध देणे, शेजाऱ्याला दाखवणे हे सगळे नंतर. फोनवर किती जनावरे आहेत, किती आजारी आहेत, पहिले लक्षण केव्हा दिसले आणि गेल्या काही आठवड्यांत कोणते जनावर बाहेरून आले किंवा बाहेर गेले, ते सांगा. आजारी जनावर घेऊन दवाखान्यात जाऊ नका. त्या वाटेवर आणि दवाखान्याच्या आवारात जी जी जनावरे येतील, ती सगळी धोक्यात येतात.

मग फाटक लावा. जनावर, दूध, शेण, चारा, वापरलेली भांडी, दोर, गाडी, काहीही आत-बाहेर करू नका. दूध न्यायला येणारी गाडी रस्त्यावरूनच परत पाठवा. लक्षण दिसण्याच्या आधीपासूनच जनावराच्या दुधातून आणि श्वासातून विषाणू बाहेर पडत असतो, त्यामुळे 'निरोगी दिसणाऱ्या गाईचे दूध तरी देऊ' हा हिशेब चुकतो.

आजारी जनावरांची जागा बदलू नका. त्यांना वेगळ्या गोठ्यात हलवण्याची इच्छा होते, पण ओढत नेताना वाटभर लाळ सांडते. त्याऐवजी निरोगी जनावरांना तिथून दूर ठेवता आले तर पाहा. दोन्हींकडे एकाच माणसाने जायचे असेल, तर आधी निरोगी आणि मग आजारी, हा क्रम कधीही उलटवू नका.

घरातली माणसेही थांबायला हवीत. आजारी जनावरांपाशी गेलेला माणूस दुसऱ्याच्या गोठ्यात जाणार नाही, बाजारात जाणार नाही. बाहेर पडणे अटळ असेल तर आंघोळ, कपडे बदलणे, बूट घासून धुणे. कुत्री बांधा, मांजरे आवरा. फाशी, बर्ड फ्लू किंवा रेबीजचा संशय असेल तर हातमोजे आणि मुखपट्टी वापरा आणि मुलांना दूर ठेवा.

आणि वही उघडा. गेल्या महिन्याभरात फाटकातून आत-बाहेर गेलेले प्रत्येक जनावर, माणूस आणि वाहन आठवून तारखेसकट लिहून काढा. आज आठवते ते चार दिवसांनी आठवत नाही.

भीतीबद्दलही बोलले पाहिजे. लोक उशीर करतात तो अज्ञानापेक्षा भीतीने. जनावरे जातील, दूध बंद होईल, गावात बोट दाखवतील, ही भीती खरी आहे. पण संशय खोटा निघाला तर एक-दोन दिवसांची अडचण होते, एवढेच. संशय खरा असताना गप्प राहिले तर शेजाऱ्यांचीही जनावरे जातात. बऱ्याच देशांत आदेशाने मारलेल्या जनावरांची भरपाई मिळते, पण आधीच मेलेल्यांची मिळेलच असे नसते आणि माहिती लपवल्यास हक्क जाऊ शकतो. आपल्याकडचा नियम शांत काळातच वाचून ठेवा.

पायरी तिसरी: पशुवैद्यक आल्यावर

अधिकारी तपासणी करतात, नमुने घेतात आणि निकाल येईपर्यंत जागा बंदिस्त करतात. फोडांच्या रोगात सर्वांत चांगला नमुना म्हणजे न फुटलेल्या किंवा नुकत्याच फुटलेल्या फोडाचे पाणी आणि वरची साल. म्हणून अधिकारी येण्याआधी फोडांना हळद, तेल, मलम काही लावू नका. नमुना शीतपेटीतून, तिहेरी वेष्टनात प्रयोगशाळेत जातो आणि विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर चाचणीने तो ओळखला जातो. लाळ्या खुरकुतीत त्याचा उपप्रकारही ठरवावा लागतो. ज्ञात उपप्रकार सात आहेत आणि एकावरची लस दुसऱ्यापासून संरक्षण देत नाही.

पायरी चौथी: मागोवा

साथनियंत्रणात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी ही पायरी बाहेरून फारशी दिसत नाही. पशुवैद्यक फोडाचे वय मोजतो. लाळ्या खुरकुतीत पहिल्या एक-दोन दिवसांत फोड भरलेला किंवा नुकता फुटलेला असतो, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास कच्ची लाल जागा दिसते, मग तिच्या कडा बोथट होतात आणि आठवड्याभरात खाली वण धरू लागतो. सर्वांत जुना फोड पाच दिवसांचा असेल, तर लक्षणे पाच दिवसांपूर्वी सुरू झाली. रोगजंतू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अधिशयन काळ या रोगात २ ते १४ दिवसांचा असतो. म्हणजे लागण त्याआधीच्या दोन आठवड्यांत कधीतरी झाली.

आता दोन दिशांनी शोध सुरू होतो. मागे जाऊन रोग कुठून आला ते पाहायचे आणि पुढे जाऊन तो इथून कुठे गेला असेल ते. दुसरी दिशा जास्त निकडीची. त्या दिवसांत विकलेले वासरू, दूधगाडीचा पुढचा थांबा, कृत्रिम रेतन करणाऱ्याची पुढची भेट, भाड्याने आणलेले यंत्र, सगळे यात येते. तुमची वही इथे कामाला येते. वही नसेल तर अधिकाऱ्यांना अंदाजाने मोठे वर्तुळ आखावे लागते आणि ज्यांचा काही संबंध नाही अशांचीही जनावरे अडकतात.

वाटा कधीकधी अनपेक्षित असतात. १९८१ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनीतून लाळ्या खुरकुतीचा विषाणू समुद्र ओलांडून वाऱ्याबरोबर इंग्लंडजवळच्या आयल ऑफ वाइट बेटावर पोहोचला. डुक्कर श्वासातून प्रचंड प्रमाणात विषाणू सोडते आणि गाय अगदी थोड्या विषाणूनेही श्वासावाटे आजारी पडते. त्यामुळे डुकरांच्या केंद्रावरून गाईंच्या गोठ्याकडे वाहणारे वारेही तपासले जातात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू सापडला, तेव्हा कच्च्या दुधात विषाणू भरपूर होता. मग दूध काढण्याच्या यंत्रांकडे आणि राज्याबाहेर हलवलेल्या दुभत्या गाईंकडे लक्ष गेले. कोंबड्यांचा म्हणून ओळखला जाणारा रोग गोठ्यात येईल, असे त्याआधी फार थोड्यांना वाटले असेल.

पायरी पाचवी: वर्तुळे आणि बंदी

बाधित जागेभोवती वर्तुळे आखली जातात. युरोपात बहुतेक वेळा किमान ३ किलोमीटरचे संरक्षण क्षेत्र आणि १० किलोमीटरचे टेहळणी क्षेत्र असते. आतल्या वर्तुळात ने-आण जवळपास बंद होते आणि प्रत्येक गोठा तपासला जातो, बाहेरच्यात परवान्याने मर्यादित हालचाल चालते. बाजार, प्रदर्शने, शर्यती बंद होतात. जगभर अंतरे आणि मुदती वेगवेगळ्या असल्या तरी तत्त्व एकच: अधिशयन काळ पूर्ण उलटून नवे रुग्ण नाहीत असे दिसल्याशिवाय बंदी उठत नाही.

वर्तुळाच्या आत असाल आणि तुमची जनावरे निरोगी असतील, तरी रोज दोनदा तोंड आणि खुरे पाहा, ताप मोजा, नोंदवा.

पायरी सहावी: मारायचे की टोचायचे

बाधित आणि संपर्कातली सगळी जनावरे वेदनारहित पद्धतीने मारणे, ही जुनी आणि परिणामकारक पद्धत. जिवंत बाधित जनावर हा विषाणूचा कारखाना असतो, तो बंद केला की प्रसार तुटतो. रोम परिसरात बुळकांडी पसरली असताना पोपचे वैद्य लान्चिसी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच बाधित गुरे मारणे, ती पुरणे आणि ने-आण रोखणे असे उपाय सुचवले होते.

पण प्रत्येक रोगाला हेच लागू होत नाही. लंपी त्वचारोग माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरतो आणि उडणाऱ्या माशीला फाटक अडवत नाही. २०१५-१६ मध्ये तो ग्रीसमार्गे बाल्कन देशांत शिरला, तेव्हा प्रदेशभर एकाच वेळी, बहुसंख्य गुरांना लस टोचून तो रोखला गेला. याउलट आफ्रिकन स्वाइन फीवरवर जगभर सर्वमान्य झालेली लस अजून नाही, तिथे मारणे, साफसफाई आणि रानडुकरांवर नजर एवढेच उरते. चेकियात झ्लीन परिसरात २०१७ मध्ये हा रोग रानडुकरांत आला, तेव्हा आधी कुंपणाने भाग वेढला गेला, मेलेली डुकरे कसून शोधून उचलली गेली आणि सुरुवातीला कळप उधळणारी शिकार थांबवली गेली. तिथून रोग संपला. हाकारे घालून रानडुकरे पळवली असती, तर विषाणूही त्यांच्याबरोबर पळाला असता.

लाळ्या खुरकुतीत खरा पेच पडतो. लस आहे, परिणामकारक आहे. पण लस दिलेले जनावर रोग येऊन गेलेल्या जनावरापासून वेगळे ओळखावे लागते. शुद्ध केलेली लस वापरली असेल तर विषाणूच्या असंरचनात्मक प्रथिनांविरुद्धची (विषाणू अंगात वाढतानाच तयार होणारी, शुद्ध लशीत नसलेली प्रथिने) प्रतिपिंडे तपासून हे करता येते. मग येतो व्यापार, कारण जनावरांची निर्यात देशाच्या रोगमुक्त दर्जावर अवलंबून असते. लसीविना रोगमुक्त असलेल्या देशाने लस दिलेली जनावरे मारली, तर तो दर्जा साधारण ३ महिन्यांत परत मागता येतो आणि ती जिवंत ठेवली तर साधारण ६ महिन्यांनी. या हिशेबापायी २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये रोग २६ ठिकाणी सापडला, पण लस दिलेली निरोगी जनावरे धरून सुमारे अडीच लाख जनावरे मारली गेली. त्याच वर्षी उरुग्वेने देशातल्या गुरांना सरसकट लस देऊन, थोडीच जनावरे मारून साथ संपवली. माझे मत स्पष्ट आहे: लस वेळेवर, पुरेशी आणि योग्य उपप्रकाराची मिळत असेल, तर निरोगी जनावर जगवण्यासाठी आणखी तीन महिने व्यापार थांबणे ही सोसण्याजोगी किंमत आहे. पण हा निर्णय साथ येण्याआधी घेतलेला असावा. २०१० मध्ये जपानच्या मियाझाकीत लसीचा निर्णय पहिल्या रुग्णानंतर जवळपास महिन्याने झाला. तोवर पुरायला जागा अपुरी पडू लागली होती. शेवटी सुमारे २ लाख ९० हजार जनावरे गेली.

पायरी सातवी: विल्हेवाट

पुरणे, जाळणे, बंद यंत्रात वितळवून प्रक्रिया करणे आणि नियंत्रित कंपोस्ट, असे मार्ग आहेत. कोणता निवडायचा हे जमीन, भूजल, संख्या आणि रोग यांवर ठरते. दक्षिण कोरियात २०१०-११ च्या साथीत तीस लाखांहून अधिक जनावरे घाईने पुरली गेली आणि अनेक ठिकाणी झिरपणाऱ्या द्रवामुळे पाण्याची चिंता उभी राहिली. विहीर, ओढा, वस्ती यांपासून दूरची जागा आधीच हेरून ठेवलेली बरी. आफ्रिकन स्वाइन फीवरमध्ये मांसाचा तुकडाही धोकादायक असतो, गोठवलेल्या मांसात विषाणू वर्षानुवर्षे टिकतो.

पायरी आठवी: धुणे, मग निर्जंतुकीकरण

शेण, माती, दुधाचा थर तसाच असताना जंतुनाशक ओतणे म्हणजे ते वाया घालवणे. आधी खरवडा, साबणाच्या पाण्याने घासा, निथळू द्या, मग जंतुनाशक लावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओले राहू द्या. लाळ्या खुरकुतीचा विषाणू आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्हींत मरतो, म्हणून ४ टक्के धुण्याचा सोडा किंवा ०.२ टक्के सायट्रिक आम्ल चालते. दोन्ही एकत्र करू नका, एकमेकांना निष्प्रभ करतात. फाशीच्या बीजाणूंना हे उपाय पुरे पडत नाहीत, ते काम अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीच व्हावे. खाचा, गव्हाणीखालची जागा, नळ्या, गाडीची चाके आणि चालकाच्या पायाखालची चटई हमखास राहून जातात.

पायरी नववी: रिकामा गोठा पुन्हा भरताना

शेवटच्या निर्जंतुकीकरणानंतर ठरावीक दिवस गोठा मोकळा ठेवावा लागतो. मग थोडीशी, रोगाला प्रतिकारशक्ती नसलेली जनावरे आणली जातात. पहारेकरी जनावरे म्हणतात त्यांना. त्यांना गोठ्याच्या सगळ्या भागांत फिरू दिले जाते, काही आठवडे रोज तपासले जाते, रक्त पाहिले जाते. ती निरोगी राहिली तरच बाकीची येतात, तीही शक्यतो एकाच विश्वासू ठिकाणाहून. मधल्या काळात पशुपालकाच्या घरात जी शांतता असते तिचा हिशेब भरपाईत नसतो. पहाटे धारेच्या वेळेला जाग येते आणि करायला काही नसते. या दिवसांत शेजाऱ्यांनी फाटकापर्यंत न जाता, पण फोनवर, रोज बोलावे. आणि त्याच रिकाम्या दिवसांत फाटकाशी बूट धुण्याची टाकी, नव्या जनावरांसाठी तीन-चार आठवडे वेगळे ठेवायची जागा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही, या तीन गोष्टी बांधून आणि आखून घ्याव्यात.